वाळूच्या हत्तीचा कान

ओल्या वाळूचा भलामोठा हत्ती, त्याच्या सोंडेवरून ओघळणारं पाणी, आणि त्याच्यासमोर फ्रॉकचं टोक चघळत उभी असलेली माझी धाकटी बहीण मुक्ता... चेन्नईतलं आमचं पहिलं वर्ष मला आठवतं ते असं.

बाबांची बदली झाली आणि नाशिक सोडून आम्ही चेन्नईच्या आवडी या उपनगरातल्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो. मी तमिळ पोरांबरोबर क्रिकेट खेळून रुळलो. मुक्ता मात्र शाळेत तिचं मराठी कुणाला कळेना म्हणून आधी तिथे आणि मग हळूहळू घरातही गप्प झाली. हवं ते बोटानं दाखवायची. पोळ्या लाटताना आई तिला मुद्दाम काहीबाही विचारी, आणि उत्तराची वाट पाहता पाहता तव्यावरची पोळी करपून जाई.

एका रविवारी बाबांनी आम्हांला समुद्राकाठचं वाळूशिल्पांचं संग्रहालय पाहायला नेलं. पत्र्याच्या छपराखाली ओल्या वाळूचा गारवा होता, खाऱ्या वाऱ्यात कुणाच्या तरी मोगऱ्याचा वास मिसळला होता. स्टुलावर चढून एक शिल्पकार बाई हत्तीवर पाणी फवारत होत्या — आणि एकाएकी हत्तीचा कान निखळून खाली कोसळला.

"ऐयो! यानै कादु विळुंदुडुच्चु!"

मुक्ता ओरडली होती. आमची मुक्ता!

"काय... काय म्हणाली रे ती?" आईनं माझा दंड घट्ट धरला.

"हत्तीचा कान पडला, म्हणाली."

आई हसू लागली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. स्वतःच्या लेकीचे शब्द तिला माझ्याकडून समजून घ्यावे लागले होते.

"बोलली ना? मग झालं तर," बाबा म्हणाले.

"इंगे वा, कण्णु," त्या बाईंनी मुक्ताला जवळ बोलावलं आणि तिच्या ओंजळीत ओली वाळू दिली. दोघींनी मिळून नवा कान थापला — जरा वाकडाच, पण बाईंनी तो तसाच राहू दिला. मुक्ताची टकळी चालूच होती.

आता बाबा नाहीत. मुक्ता चेन्नईजवळच सिरुसेरीला नोकरी करते. रविवारी आईकडे येते, भरभरून बोलते. बोलता बोलता एखादा मराठी शब्द तिला सापडत नाही, ती अडखळते... मग आईच तिला हळूच तमिळ शब्द पुरवते, आणि दोघी पुढे बोलत राहतात.