शंभर टक्के तयार गाड्या

आमचे हे लष्करी कोठारात मूल्यमापन अधिकारी. म्हणजे स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यांच्या कामाला गुण द्यायचे. घरीही तेच. भाजी वाढली की पहिला घास खाऊन डोळे मिटून विचार करतात, तोवर ताटातलं गार होतं.

कोठारातल्या मालवाहू ट्रकगाड्यांची देखभाल एका कंपनीकडे होती. जितक्या गाड्या तयार, तितके पैसे. हा निकष ह्यांनीच लिहिलेला आणि त्याचं ह्यांना कोण कौतुक. कंपनी मुरलेली. रोज सकाळी शेडमध्ये सगळी इंजिनं सुरू व्हायची, हे यादीवर खुणा करायचे, इंजिनं बंद. बाहेर काढली तर गाडी बिघडणार, म्हणून बाहेर काढायचीच नाही. वर्षभर शंभर टक्के यश. ह्यांचा सत्कारसुद्धा झाला.

आमची थोरली सैन्यात, डोंगरावरच्या चौकीत. एके दिवशी तिचा फोन आला. थंडीचे बूट आणि शेगडीचं तेल अजून पोचलं नव्हतं, दोघा जवानांच्या पायाची बोटं काळी पडायला लागली होती.

"बाबा, गाड्या तयार आहेत ना? मग एक पाठवा की."

हे जेवले नाहीत. सकाळी करारातलं, चाचणीसाठी गाडी बाहेर काढायची मुभा देणारं कलम शोधून काढलं आणि बूट-तेल भरून एक गाडी चौकीकडे रवाना केली. खरं सांगते, मला ह्यांचा अभिमान वाटला.

गाडीनं पहिल्याच चढावर मान टाकली. चौकीतली माणसं खाली उतरली आणि खोकी पाठीवर घेऊन वर चढली. लेकही त्यांच्यातच होती.

कंपनीचा व्यवस्थापक हसतच ह्यांच्याकडे आला. माल पोचला, तेव्हा पूर्ण गुण द्या आणि करार वाढवा, म्हणाला.

"पोचवला कोणी?" ह्यांनी विचारलं.

"ते निकषात कुठं आहे, साहेब?"

नव्हतंच. अहवालात खरं लिहायचं तर वर्षभर ज्याला यश म्हटलं, त्याला स्वतःच्या सहीनं अपयश म्हणावं लागलं असतं. ह्यांनी पूर्ण गुण दिले. घरी येऊन मला सगळं सांगितलं, तेव्हा माझा संताप झाला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. हे उठेनात, म्हणून मी घेतला. तिची पाठ धरली होती, पण आवाज खुशीत होता. बाबांनी गाडी पाठवली म्हणून चौकीत सगळे त्यांचं नाव काढतात, म्हणाली.

"आई, बाबांना दे ना."

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी हात पुढे केला नाही.