मागच्या भिंतीची साक्ष

मिशनच्या आवारात त्याला सगळे ओळंबा म्हणत. धंद्याने गवंडी, अंगाने काटकुळा, उभा राहिला की भिंत तपासायच्या त्या वजनाच्या दोरीसारखा सरळसोट. खोड अशी की कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीकडे बघणार, मग कपाकडे. "पाव इंच बाहेर गेलीय बरं का," असं यजमानाला ऐकवल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. असा पाहुणा कुणाला हवा असतो? पण घर बांधायचं निघालं की तोच हवा, दुसरा कुणी चालत नसे.

भूकंप सकाळी झाला, मिनिटभरसुद्धा नाही. तेवढ्यात मिशनची शाळा खाली बसली, दवाखान्याचं छप्पर कोसळलं. प्रार्थनामंदिराच्या तीन भिंतींना नुसते तडे गेले. चौथी, मागची, ती मात्र आडवी झाली. ओळंब्याची बायको मिशनच्या शाळेत शिवण शिकवायची. ती नेमकी तेव्हा प्रार्थनामंदिरात, त्या भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर गीतांची पुस्तकं लावत होती. खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पण काखेत कुबडी आली ती कायमची. गावात माणसं गेली होती, म्हणून ती आपलं दुखणं उगाळत बसायची नाही. "प्रभूने राखलं," एवढंच म्हणायची. आणि ते ऐकलं की ओळंबा उठून बाहेर जायचा.

कारण भिंत त्याच्या हातची होती.

तशा चारही त्याच्याच हातच्या, सव्वीस वर्षांपूर्वीच्या. आता दगडी भिंत म्हणजे काय, तर पाठीला पाठ लावून उभ्या दोन भिंती आणि मधे भर. त्या दोघींना धरून ठेवायला थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार घालावा लागतो. मागच्या भिंतीची पाळी आली आणि लांब दगड संपले. खाणीतून यायला आठवडा लागणार, उद्घाटनाचे पाहुणे चार दिवसांवर. तेव्हाचे पाळकसाहेब सकाळ-संध्याकाळ येऊन विचारायचे, "झालं का हो?" तरणं वय, नाही म्हणायची लाज. त्याने आरपार दगडांशिवायच भिंत वर नेली आणि वरून गिलावा ओढून मोकळा झाला. नंतर बघू म्हणाला. अरे बाबा, गिलाव्यामागचं नंतर कोण बघतो?

ढिगारा उपसताना त्याने बघितलं. दोन्ही पापुद्रे सुटे होऊन दोन बाजूंना पडलेले. बाकीच्यांना ते नुसते दगड दिसले. त्याला सगळं कळलं, आणि तो मूग गिळून बसला. प्रार्थनेला यायचा, पण डोळे मिटायचा नाही. कोणत्या तोंडाने मिटणार?

दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उपासना झाली. उन्हाळ्यात मंडळी भाजून निघाली, पावसात पाळकबाईंचं प्रवचन पत्र्याच्या आवाजात वाहून गेलं, पण एक रविवार चुकला नाही. पाळकबाई नवीन होत्या, वयाने लहान आणि चिवट. आधी शाळा उभी केली, मग दवाखाना. प्रार्थनामंदिर शेवटी. "आपण दाटीवाटीने बसू. आजारी माणसाला कॉट आधी हवी," म्हणाल्या.

आणि प्रार्थनामंदिराचं निघालं तसं घोडं अडलं. ढिगाऱ्यातून प्रत्येक घराने एकेक दगड उचलून नेला होता. धुतला, पुसला, कपाटावर मांडला. आता म्हणे हे दगड नव्या भिंतीत लागलेच पाहिजेत, तेही मागच्या, कारण पडली ती तीच. छपन्न घरं आणि छपन्न गोटे! त्यातला एकही धड चौकोनी नाही, आरपार जाईल एवढा लांब तर नाहीच.

"नाही लावणार," ओळंबा म्हणाला. "मंदिराच्या वाटेवर बसवू."

"वाटेवर? पायाखाली?" दुकानदार उसळला. तो मंडळीचा पंच होता. "अहो, एवढ्या उंचीवरून पडला तरी या दगडाला टवका गेला नाही! विश्वास म्हणतात तो हाच."

"याचा टवका गेला नाही म्हणून तर माणसाचं हाड गेलं," ओळंबा पुटपुटला.

पाळकबाईंनी दोघांना गप्प केलं. "रविवारी मंडळीच ठरवेल. मिस्त्री, सगळ्यांना पटेल असं कारण सांगा, मी तुमच्या बाजूने उभी राहते."

कारण एकच होतं. ते सांगितलं नाही, तर गोट्यांची भिंत उभी राहणार आणि उद्या आणखी कुणावर तरी येणार. सांगितलं, तर ते बायकोच्या कानावर जाणार. लोकांनी तोंडात शेण घातलं तरी त्याला चाललं असतं. ती काय म्हणेल, याचाच त्याला धाक होता. शनिवारी दुपारी तो तिच्यासमोर जाऊन बसला. ती काजं करत होती.

"मी काय म्हणतो..."

"काय?"

"चहा टाकतो."

असे तीन चहा झाले. "आज काय पोहायचं आहे का त्यात?" तिने विचारलं. तो हसला आणि चौथा टाकायला उठला.

रविवारी गीत झालं आणि साक्षीची वेळ आली. ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, अशी रीत. ओळंबा उठला तशा माना वळल्या. जन्मात त्याने साक्ष दिली नव्हती. दुकानदार मांडीवर दगड घेऊन कौतुकाने बघत होता.

"मागची भिंत भूकंपाने पाडली नाही," तो म्हणाला. "मी पाडली. आरपार दगड संपले होते, मी थांबलो नाही. वरून गिलावा केला. बाकीच्या तीन उभ्या राहिल्या, बघितलंत ना?" त्याने बायकोकडे बघितलं. "माझी बायको म्हणते, प्रभूने राखलं. अहो, भिंतीने राखायला हवं होतं. ते माझं काम होतं. आता पुन्हा गोटे घालायला लावू नका. पाया पडतो."

दुकानदाराने मांडीवरचा दगड हळूच बाकाखाली ठेवला. बायको उठली, कुबडी सावरली आणि बाहेर गेली. तो मागे धावला, हात पुढे केला. तिने धरला नाही.

सात महिने काम चाललं. गोटे वाटेवर बसले, निमूट. घरात जेवण वाढलं जायचं, कपडे धुतले जायचे, पण बोलणं बंद. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. मागच्या भिंतीला त्याने आतून गिलावा केलाच नाही. लांब दगडांची तोंडं उघडी ठेवली, कुणीही यावं आणि मोजावं. ती रोज शाळा सुटली की यायची, लांबून मोजायची आणि जायची.

उद्घाटनाच्या दिवशी मंडळी नटूनथटून आली आणि सगळी पुढे दाटली. बाकावर चारच्या जागी सहा सहा. मागच्या भिंतीचा बाक रिकामा. पोरं तिकडे वळली की आया दंड धरून ओढायच्या. दाराशी उभा ओळंबा ते बघत होता. सगळे दगड मोजून घातले होते, पण माणसाला कसं बसवणार?

ती उशिराच आली. पुढे दुकानदाराने तिच्यासाठी जागा राखली होती. "इकडे, बाई, इकडे!" तिने मान हलवली आणि सरळ मागे चालत गेली. शेवटच्या बाकावर बसली. कुबडी शेजारी ठेवली आणि पाठ भिंतीला टेकवली, चांगली आरामात. पुढचे सगळे मागे वळून बघत राहिले. मग एक म्हातारी उठली आणि तिच्यापाशी जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी.

ओळंबा कसाबसा तिथवर गेला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"रडू नका, लोक बघतायत," ती हळूच म्हणाली. सात महिन्यांत पहिल्यांदा. "भिंतीला मी माफ केलंय. तुम्हाला अजून नाही."



तिने कुबडी उचलून पलीकडे घेतली आणि जागा केली. "बसा म्हणजे झालं. उभ्याने कुठे एवढं सगळं बोलून व्हायचंय?"