बोर्डवकिलांची तहान

उलटतपासणीला उभं राहण्याआधी समोरच्या साक्षीदाराला स्वतःच्या हातानं पाणी देणारा वकील सोलापूरच्या कोर्टात एकच होता, आणि तो माझा सासरा होता. कोर्टाच्या ओसरीत मामंजींनी पदरमोड करून एक माठ ठेवला होता. शिपायानं भरलेला त्यांना चालत नसे. काळ्या कोटाच्या बाह्या वर सारून ते स्वतः भरत, फडकं पिळून त्याला गुंडाळत आणि मगच आत जात. साक्षीदार बहुतेक खेड्यातून उन्हात चालत आलेला असे. त्याच्या हातात पेला देऊन मामंजी म्हणत, "आधी पाणी घ्या. भांडण कुठं पळून जात नाही." कोर्टातले टवाळ म्हणायचे, "बोर्डवकील आधी पाणी देतात आणि मग पाणी पाजतात." सगळे हसत. मामंजी तेवढे हसत नसत.

गावाला ते 'बोर्डवकील' म्हणूनच ठाऊक होते. जिल्ह्याच्या लोकल बोर्डाचे, म्हणजे आताच्या जिल्हा परिषदेचे, दावे ते चालवत. शाळेच्या भाड्याच्या इमारती, कोंडवाड्यात घातलेली गुरं, रस्त्याच्या कडेची अतिक्रमणं, असलीच कामं. मोठ्या खटल्याला मुंबईहून बॅरिस्टर येई, किरकोळ काम कारकून उरकत, आणि मधलं सगळं मामंजींच्या गळ्यात पडे. "सूनबाई, आम्ही उतरंडीतलं मधलं मडकं," ते म्हणत. "वरचं हललं तरी आम्हीच वाजतो, खालचं हललं तरी आम्हीच." बोर्डाच्या अध्यक्षांपुढं मात्र हे मडकं कधी वाजलेलं मी ऐकलं नाही.

मी बार्शीची. बार्शीच्या पोरींना तोंड जरा जास्त असतं असं सासूबाईंचं मत होतं, आणि ते मी खोटं पडू दिलं नाही. दावा जिंकला की बोर्डाचा चपराशी पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा. मामंजी त्याला हात लावत नसत. शेजारच्या पद्मशाली विणकरांच्या पोरांना हाका मारून वाटून टाकत. एकदा मी न राहवून विचारलं, "जिंकलात ना, मामंजी? मग घरात सुतक असल्यासारखं तोंड का?" सासूबाईंनी डोळे वटारले. मामंजी म्हणाले, "बोर्ड जिंकलं. मी नुसता बोललो." आणि शेंगांची चटणी वाढून घेऊन भाकरी मोडायला लागले.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला माहेरी पोचवायला ते स्वतः निघाले. बार्शीची सर्व्हिस मोटार म्हणजे तेव्हा मोठं प्रस्थ होतं. चार मैल गेली की तिला धाप लागायची. एका वळणावर मोडक्या मांडवात पाणपोई होती. तिथं मोटार थांबली, ड्रायव्हरनं टोपण उघडून तिच्या नाकातोंडात पाणी ओतलं आणि मग उतारूंची रांग लागली. एक म्हातारी तांब्यानं प्रत्येकाच्या ओंजळीत धार धरत होती. तिचं नाव धोंडाबाई. हात काटकुळे, पण धार मोठी नेमकी. एक थेंब बाहेर सांडत नव्हता. मोटार प्यायली, आम्ही सगळे प्यायलो. मामंजी लांब उभे होते. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"घ्या की, वकीलसाहेब," म्हातारी म्हणाली.

"तहान नाही," मामंजी म्हणाले.

उतारूंमधला एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागला, "सोवळ्यातले दिसतात." ते म्हातारीनंही ऐकलं. तांब्या तसाच हातात धरून ती म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाय व्हय? कोर्टात तर पीत हुता की."

मामंजी मोटारीत जाऊन बसले. बार्शी येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरून नजर काढली नाही, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

परत आल्यावर मी पिच्छा पुरवला. ते परसात बसून कोर्टासाठी नवा माठ घासत होते. मी विचारलं, "त्या बाईचं पाणी तुम्ही कोर्टात प्यायलात, मग रस्त्यावर का नाही?" त्यांनी काथ्या बाजूला ठेवला. मग सांगायला लागले.

त्या वळणावर धोंडाबाईच्या नवऱ्यानं स्वतः खणलेला आड होता. शेजारी लिंबाचं झाड आणि दगडी कट्टा. नवरा गेल्यावर ती तिथं वाटसरूंना पाणी द्यायची. मोटारींसाठी रस्ता रुंद करायचा म्हणून बोर्डानं आड बुजवायचा हुकूम काढला. तिनं दावा लावला. पण बोर्डावर दावा लावायचा तर आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, आणि दाव्याला मुदतही थोडी असते. तिच्या वकिलानं नोटीस दिलीच नव्हती. मामंजींना हे पहिल्याच तारखेला दिसलं. तेव्हाच बोलले असते तर तिला दावा मागं घेऊन, नोटीस देऊन, नव्यानं लावता आला असता. ते बोलले नाहीत. तारखांवर तारखा मागत राहिले. मुदत सरली, आणि मग उभं राहून त्यांनी नोटिशीचा मुद्दा काढला. दावा फेटाळला गेला. आड खरा कुणाचा, हे कोर्टानं पाहिलंसुद्धा नाही.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"प्रत्येक तारखेला ती आपल्या आडाची कळशी डोक्यावरून आणायची. ओसरीत बसून सगळ्यांना द्यायची. मलाही. मी प्यायचो, आणि आत जाऊन पुढची तारीख मागायचो." त्यांनी माठ उपडा घातला. "कायद्यानं मी काही चुकलो नाही, सूनबाई. अध्यक्षांनी पाठ थोपटली. मी मिठाला जागलो. पाण्याला जागलो नाही."

आड बुजला. आता ती लांबच्या मळ्यातून डोक्यावर पाणी वाहते, हेही त्यांनीच सांगितलं. पाण्याचा पंप, नवा माठ, असं काय काय तिला मिळावं म्हणून त्यांनी बोर्डात अर्ज केले होते. एकालाही दाद मिळाली नव्हती. ऐकून माझा जीव तुटला, पण रागही आला. मी म्हटलं, "मग तिला सांगून टाका की. ती बिचारी नशिबाला बोल लावत बसली असेल." ते म्हणाले, "सांगून आड उकरला जाणार आहे?" मी म्हटलं, "नाही. पण ती तुम्हाला सोवळ्यातले समजते आहे, ते तरी फिटेल." ते उठून आत गेले. वकिलाला निरुत्तर केल्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. पुढं वाटला नाही.

माझ्या थोरल्याच्या वेळी, मला बाळंतपणाला माहेरी पोचवायला, आम्ही पुन्हा त्याच मोटारीनं निघालो. पाणपोई आली. मामंजी उतरले, रुमाल डोक्यावरून काढून हातात घेतला आणि सरळ तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "धोंडाबाई, तुमचा दावा नशिबानं गेला नाही. मी घालवला," ते म्हणाले, आणि तिला कळेल अशा साध्या शब्दांत त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःच्या बाजूचं एक अक्षर काढलं नाही.

"म्हंजी पयल्या तारखेलाच तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"आन् माजं पानी पीत हुता?"

"हो."

ती ओरडली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, हितं ह्यो एकच मानूस आपल्याला मानूस समजतुया." आणि तांब्या घेऊन पुढच्या उतारूकडं वळली.

त्यानंतर आमचं बार्शीला जाणं-येणं होत राहिलं. मोटार थांबली की मामंजी उतरत आणि उन्हात बाजूला उभे राहत. धोंडाबाई रांगेतल्या सगळ्यांना पाणी देई, त्यांच्याकडं न बघता. मला ते बघवत नसे. "आता बरं आहे," ते म्हणत. "आधी ती विचारायची आणि मी खोटं बोलायचो." पण मोटारीत बसल्यावर ते सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत राहायचे.

पुढं ते अंथरुणाला खिळले. जीभ कोरडी पडायची. चमच्यानं पाणी दिलं तर एखादा घोट घेऊन तोंड फिरवायचे. सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू काढून ठेवला, तर म्हणाले, "ते राहू द्या." त्यांनी काही मागितलं नाही, पण मला कळलं. सासूबाईंना सांगून मी एकटी मोटारीत बसले. तेव्हा बाईमाणसानं एकटीनं जाणं चर्चेचा विषय होता. सासूबाईंनी मात्र माझ्या हातात रिकामा गडू दिला.

धोंडाबाईला मी म्हटलं, "मामंजींचं काही खरं नाही. त्यांच्यासाठी एवढा गडू भरून द्या."

तिनं गडू हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि मला परत दिला. "पानी काय औषध हाय व्हय, घरला न्यायला? तहान लागली आसंल तर हितं येऊन प्या म्हनावं."

"तुम्ही तर त्यांना देत नाही," मी तडकून बोलले.

"म्या कवा न्हाय म्हनलं?" ती म्हणाली. "इक्ती वरसं हुबा ऱ्हायला, पन त्येंनी कवा मागितलंच न्हाय की!"

रिकामा गडू घेऊन मी परतले. घरी येऊन तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मामंजी छताकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानशिलावर ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. "खरं आहे," ते म्हणाले. "माफी मागितली. पाणी मागितलं नाही." मग उठून बसायला लागले आणि मला म्हणाले, "कोट काढून ठेवा. उद्या पहिल्या मोटारीनं जाऊ." मी काळा कोट झटकून खुंटीला लावला. उद्याची मोटार त्यांना मिळाली नाही. पहाटे गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ते गेलेले होते.

दिवसवार झाल्यावर मी बार्शीला निघाले. वळणावर मोटार थांबली. धोंडाबाईनं रांगेवरून नजर फिरवली, मग लांब, ते जिथं उभे राहत तिकडं पाहिलं.

"साहेब आलं न्हाईत?"

मी मान हलवली. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं. ती मांडवात गेली आणि कोनाड्यातून एक लहानसा गडू घेऊन आली. वर फडकं बांधलेलं होतं. "तुमी सांगून गेला तवापासनं रोज ताजं भरून ठेवतीया," ती म्हणाली. "येतील म्हनलं." आणि जरा थांबून, "मग आता तुमी प्या."

मला तहान नव्हती. पण तसं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी फडकं सोडलं आणि तिच्यासमोर उभी राहून तो गडू शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.