पाठवलेली पत्रं

ज्या पत्राने मास्तरांची झोप उडवली ते पत्र भाषेने मोठं गोड होतं. ग्राहकांना अधिक चांगली सेवा देता यावी, म्हणून इंटरनेट कंपनी येत्या तीन महिन्यांत आपली ईमेल बंद करणार होती. इंटरनेट राहणार होतं, बिल तर राहणारच होतं, फक्त ईमेल तेवढी जाणार होती. आपापली सोय दुसरीकडे करून घ्या, असं शेवटी लिहून वर आभारही मानले होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला.

मास्तर बूट बनवतात. दुकानात मिळतात तसले नव्हेत. ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, त्याच्यासाठी एक तळ जाड आणि एक पातळ असा जोड ते बनवतात, आणि तो असा बनवतात की बघणाऱ्याला काही कळू नये. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि पाय टेकायला बुटकं स्टूल, मागच्या खोलीत शिलाईचं मशीन, चामड्याच्या गुंडाळ्या आणि कधीच न जाणारा सरसाचा वास. मागची भिंत छतापर्यंत फळ्यांनी भरलेली, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे, ज्यांना धंद्यात कलबूत म्हणतात. ज्यांच्याकडे मास्तर काम शिकले त्या म्हाताऱ्या कारागिराने त्यांना पहिल्याच आठवड्यात एक नियम पढवला होता. आलेलं जपायचं, गेलेलं विसरायचं. माप, साचा, गिऱ्हाइकाची चिठ्ठी, म्हणजे जे जे आत आलं ते मरेपर्यंत ठेवायचं. बूट एकदा बाहेर गेला की तो घालणाऱ्याचा, त्याचा विचार करायचा नाही. मास्तरांनी हा नियम पस्तीस वर्षं पाळला.

त्यांची बायको मुळात गिऱ्हाईक म्हणून आली होती. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड. जोड घ्यायला आली तेव्हा दहा पावलं चालून बघितली आणि म्हणाली, "बूट छान झालेत. पण तुम्ही तोंड उघडलंत तर अजून चार गिऱ्हाइकं टिकतील." मास्तरांना तोंड उघडणं जमणार नव्हतं. वर्षभराने त्यांनी तिच्याशी लग्न केलं आणि तोंडाचं काम तिच्याकडे गेलं. टेलिफोन तिने घ्यायचा, पाहुण्यांशी तिने बोलायचं, आणि पुढे इंटरनेट आलं तेव्हा ईमेलही तिनेच उघडली, स्वतःच्या नावाने. गावोगावची गिऱ्हाइकं तिलाच लिहायची. टाचेचं विचारता विचारता लोक तिला मुलांच्या परीक्षा आणि सासूची दुखणी सांगू लागायचे. मास्तर मागच्या खोलीतून विचारायचे, "बुटाचं काय म्हणतात ते?" ती म्हणायची, "बुटाचं शेवटच्या ओळीत आहे, थांबा जरा."

त्यातली एक ग्रंथपालबाई. लांबच्या गावी एका वाचनालयात काम करायची, एकटी राहायची, आणि तिचा उजवा पाय साडेचार सेंटिमीटर आखूड होता. दोघींची गाठ कधी पडली नाही. माप टपालाने आलं, बूट टपालाने गेले, आणि पत्रं अकरा वर्षं चालली. महिन्याला एक, कधी दोन. मास्तरांची बायको ती पत्रं लिहिताना मध्येच हसायची. काय लिहितेस, असं मास्तरांनी एकदा विचारलं. "तुमच्या कामाचं नाही," ती म्हणाली, आणि मास्तर मशीनकडे परत गेले.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, त्यातला एक आठवडा तर साधा ताप समजण्यात गेला.

आठव्या दिवशी ग्रंथपालबाईचं पत्र आलं. टाच एका बाजूने झिजली आहे, बूट पाठवू का, आणि तू इतकी गप्प का. मास्तर कॉम्प्युटरपुढे बसले. खरं सांगायचं ठरवूनच बसले होते. पण ते लिहायला लागणारे शब्द त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांनी फक्त बुटाचं लिहिलं, "बूट येऊ देत, करून देतो." करून देतो लिहिलं, खोडलं, "होऊन जाईल" केलं. पत्र गेलं. गेल्यावर त्यांना दिसलं की खाली बायकोचं नाव आपोआप आलं होतं. तिनेच तशी सोय करून ठेवली होती, दर वेळी सही करायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "हुश्श, तुझं पत्र बघून बरं वाटलं."

इथे मास्तरांनी लगेच दुसरं पत्र लिहायला हवं होतं. शहाण्या माणसाने लिहिलं असतं. पण त्या चार शब्दांनी मास्तरांनाही बरं वाटलं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं. जगात एका तरी माणसाच्या लेखी त्यांची बायको जिवंत होती. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा चार ओळी लिहिल्या, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. बाकीची गिऱ्हाइकं आता बुटापुरतं लिहायची, त्यांना सही कुणाची आहे याने फरक पडत नव्हता. हिला पडत होता, हे मास्तरांना माहीत होतं. तरी दोन वर्षं ते बायको होऊन तिला लिहीत राहिले.

आणखी एक गोष्ट त्यांनी लावून घेतली होती. रविवारी सकाळी बायकोने पाठवलेल्या पत्रांपैकी एक उघडून वाचायचं. एकच. आधी गिऱ्हाइकांना लिहिलेली साधी पत्रं घेतली, त्यातही ती भेटायची. "आमचे मास्तर बोलत नाहीत, पण तुमच्या टाचेवर दोन दिवस बसलेत." असली एखादी ओळ सापडली की तो आठवडा बरा जायचा. ग्रंथपालबाईला लिहिलेली पत्रं त्यांनी राखून ठेवली होती. सुरुवातीला नक्कल करायला दोन-तीन चाळली तेवढीच. ताटातला आवडीचा घास शेवटाला ठेवावा तशी ती अकरा वर्षांची पत्रं त्यांनी शेवटाला ठेवली होती.

तर आता कंपनीचं ते गोड पत्र आलं. मास्तरांनी आपल्या बहिणीच्या मुलीला फोन केला. ती एका कचेरीत हिशेबाचं काम करते आणि घरातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरची डॉक्टर आहे.

"मामा, त्यात काय एवढं? फुकटवाली घे, सगळं जग तीच वापरतं."

"फुकट कशी देतात?"

"तुझी पत्रं वाचून जाहिराती दाखवतात. म्हणजे माणूस नाही वाचत, मशीन वाचतं."

"मला नाही चालणार."

"तुझ्या पत्रांत आहे काय, टाचा आणि तळवे."

"नाही चालणार," मास्तर पुन्हा म्हणाले. भाचीला तो सूर माहीत होता, तिने विषय बदलला. दुसरा मार्ग होता दुकानाच्या नावाने स्वतःचा पत्ता घेण्याचा, पण तो दर वर्षी नवा करावा लागतो आणि विसरलं की दुसरा कुणीही उचलतो. मास्तर विसरतील याबद्दल दोघांचं एकमत होतं. तिसरी एक लहानशी कंपनी होती, वर्षाला थोडे पैसे घेणारी, पत्रं न वाचणारी. मास्तरांनी तीन आठवडे तिची पारख केली. नवं चामडं आणलं की ते वाकवून, खरवडून, वास घेऊन बघतात, तसं त्यांनी तिला पत्र पाठवून विचारलं की तुम्ही किती वर्षं टिकाल. उत्तर आलं की तसं वचन देता येत नाही, पण बंद करायची वेळ आलीच तर वर्षभर आधी सांगू. मास्तरांना हे उत्तर आवडलं. खोटं बोलणारा माणूस कायमचं वचन देतो, असं ते भाचीला म्हणाले. भाचीला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मामीच्या नावाने चाललेली पत्रं तिला ठाऊक नव्हती.

नवं खातं उघडताना पहिल्याच रकान्यात नाव विचारलं होतं. मास्तर तिथे अडले. चहा करून प्यायले, एका बुटाला टाके घातले, परत आले आणि बायकोचं नाव लिहिलं.

जुनी पत्रं इकडे आणायची सोय होती. जुना पत्ता घाला, पासवर्ड घाला, वाट बघा. दोन दिवस ते काम चाललं, आणि मग सहा हजार दोनशे पत्रं आल्याचा निरोप आला. मास्तरांनी तपासून बघितलं. पहिल्या वर्षीची होती, मधली होती, कालची होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचा शब्द न् शब्द जागेवर होता. "सगळं आलं का रे मामा, नीट बघ हं," भाचीने फोनवर विचारलं. "सगळं आलं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सर्वांना नवा पत्ता कळवला, आणि ठरल्या दिवशी जुनी ईमेल बंद झाली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते आपलं एक पत्र वाचायला बसले. पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात एकच पत्र होतं. नवा पत्ता कळवणारं, त्यांचं स्वतःचं.

भाचीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मामा, त्या सोयीने फक्त आलेली येतात. पाठवलेली वेगळी उतरवून घ्यावी लागतात. तू ती बघितली नाहीस?"

"आलेली बघितली," मास्तर म्हणाले. "पाठवलेलं कोण बघतं?"

पस्तीस वर्षांचा नियम होता तो, दर रविवारी पाठवलेलीच पत्रं वाचत असूनही त्यांच्या तोंडून तसाच बाहेर पडला. कंपनीत फोन केला. तिथल्या मुलीने पंधरा मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग नम्रपणे सांगितलं की बंद झालेल्या खात्यातलं सगळं कायमचं पुसलं आहे. बोलणारी मुलगी भली होती, दोनदा माफी मागितली. माफीने पुसलेलं परत येत नाही.

लोकांनी बायकोला लिहिलेलं सगळं मास्तरांकडे होतं आणि बायकोने लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. काही गिऱ्हाइकांच्या उत्तरांखाली तिच्या दोन-चार ओळी चिकटून आल्या होत्या, त्याही मापाच्या. ग्रंथपालबाई व्यवस्थित बाई, खालचं जुनं पुसून मगच उत्तर लिहायची. ती अकरा वर्षांची पत्रं आता जगात एकाच ठिकाणी होती, तिच्याकडे.

मागायचा सोपा रस्ता समोर होता. मास्तरांनी तो लिहूनही काढला. "अगं, ईमेल बदलताना माझी सगळी पाठवलेली पत्रं गेली. तुझ्याकडची मला परत पाठवशील का?" खाली बायकोचं नाव. बाईने त्याच दिवशी पाठवली असती, हसून पाठवली असती. मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं. दोन वर्षं त्यांनी बायकोच्या नावाने लिहिलं होतं, पण तिच्या नावाने कुणाकडून काही घेतलं नव्हतं. ते त्यांना जमेना. त्यांनी पत्र पुसलं आणि चार दिवस घालवून दुसरं लिहिलं. ती कधी गेली ते लिहिलं, तारखेसकट. त्या तारखेनंतरची सगळी पत्रं माझी, असं लिहिलं. मला बोलता येत नाही म्हणून असं झालं, हे कारण नाही, पण झालं ते असं झालं. आणि शेवटच्या ओळीत, तिची पत्रं मला मिळतील का. खाली स्वतःचं नाव घातलं. मंगळवारी सकाळी पत्र गेलं.

नऊ दिवस उत्तर आलं नाही. मास्तरांनी त्या नऊ दिवसांत दोन जोड पुरे केले आणि एका बुटाचा तळ चुकीच्या पायाला चढवला, जे त्यांच्या हातून याआधी कधी घडलं नव्हतं. ग्रंथपालबाई रागावेल, याची त्यांनी मनाची तयारी केली होती. ती फसवणूक म्हणेल, पोलिसात जाईन म्हणेल, काहीही म्हणेल. दहाव्या दिवशी उत्तर आलं.

"मास्तर,

दोन वर्षांपूर्वी तिची पत्रं एकाएकी चार ओळींची झाली. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला दोन पानं लिहिली, आणि 'काळजी घे, बूट तयार आहेत' एवढंच उत्तर आलं. माझं काय चुकलं ते मला कळेना. मी तिची जुनी पत्रं काढून पहिल्यापासून वाचली, कुठे माझ्याकडून वावगा शब्द गेला का ते शोधायला. एकदा तिची माफीही मागितली, कशाबद्दल ते न कळता. तुम्ही त्यावर 'असू दे' असं लिहिलंत. मग मला तिचा राग आला. गेलं वर्षभर मी तिच्यावर रागावून होते, आणि ती तर नव्हतीच.

तिची पत्रं माझ्याकडे सगळी आहेत. रागातसुद्धा एक पुसलं नाही. त्यात तुमच्याबद्दल पुष्कळ आहे. पण ती आत्ता मागू नका. तिच्यासाठी रडायला तुम्हाला दोन वर्षं मिळाली. मला मंगळवारी कळलं."