मध्यावर खुंटी असलेला स्क्रू

नंदूच्या गेम कन्सोलने मृणालिनीच्या बहिणीचं लग्न गिळलं, ते दोन हजार चारच्या ऑगस्टात. टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये तेव्हा दुपारी बाहेर पाऊल टाकणं म्हणजे तापल्या तव्यावरून चालणं होतं.

लग्न झालं होतं हिवाळ्यात, नागपूरला. परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगची खात्री नव्हती, म्हणून वकिलाने प्रवास करू नका असं बजावलं आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मृणालिनी जाऊ शकली नाही. वडिलांनी फोटोग्राफरच्या मागे हात धुऊन लागून अमेरिकेतल्या टीव्हीवर चालेल अशी वेगळी डीव्हीडी करून घेतली. ती यायला उन्हाळा उजाडला. घरात डीव्हीडी प्लेयर नव्हता. नंदू, तिच्या नवऱ्याचा, नरेंद्रचा, ऑफिसातला मित्र, म्हणाला, "वहिनी, माझ्या कन्सोलवर लागते की डीव्हीडी. ठेवा आठवडाभर."

डिस्क आत गेली. पडद्यावर गणपती आला, थरथरला आणि गेला. बटण दाबलं की आतून नुसतं घुर्रर्र व्हायचं, ट्रे हलायचा नाही.

"कस्टमर केअरला फोन कर ना," नरेंद्र लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला.

तिने केला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर कळलं, की मशीन पाठवा, बदलून दुसरं मिळेल, पण आत राहिलेली डिस्क परत मिळणार नाही.

"मग बाबांना दुसरी पाठवायला सांग."

"नरेन, ही एक यायला आठ महिने लागलेत!"

तिने मशीन उलटं केलं. मृणालिनी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. लग्नाआधी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका इन्व्हर्टरच्या कारखान्यात टेस्टिंगला होती. तिथे बिघडलेलं काही टेबलावर आलं, की आधी उघडायचं आणि मग बोलायचं अशी रीत होती. इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, पण स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर मशीन उघडायला कुणाची परवानगी लागते?

झाकण स्क्रूंनी बसवलेलं होतं. पण आधी ते स्क्रू सापडायला हवे होते. काही रबरी पायांखाली लपवलेले, काही स्टिकरखाली. नखं मोडून ते उघडे केले, तर चार पट्ट्यांची नेहमीची फुलीची खाच नाही. सहा पाकळ्यांची चांदणी.

गाडी नरेंद्रने नेलेली. ती चालत हार्डवेअरच्या दुकानात गेली. शेजारून जाणाऱ्या गाड्यांमधले लोक, ही बाई का चालतेय, अशा नजरेने बघत होते. दुकानातल्या गोड आजोबांनी विचारलं, "हजबंडने साइझ सांगितलाय का?" तिने दात आवळून तीन साइझच्या चांदण्या उचलल्या आणि घामाने निथळत घरी आली.

एकही बसेना. टॉर्च मारून पाहिलं, तेव्हा चांदणीच्या बरोबर मध्यावर एक बारीकशी खुंटी दिसली. आपल्यासारखी माणसं स्क्रूड्रायव्हर घेऊन येतील, हे ओळखून कुणीतरी मुद्दाम उभी केलेली. मृणालिनी एवढी चिडली, की रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली, "अरे, काय सोनं ठेवलंय का आत?"

मग सुरीचं टोक झालं, चिमटा झाला. इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं, प्लास्टिकच्या पेनचं बूड वितळवून स्क्रूत दाबा, गार झालं की फिरवा. पेन वितळलं, झकास बसलं, आणि फिरवल्याबरोबर पिळवटून तुटलं. त्या स्क्रूतलं निळं प्लास्टिक टाचणीने कोरून काढण्यात संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. काउंटरवरच्या तरुणाने मान हलवली. "ते टूल आम्ही ठेवत नाही, मॅम. ते फक्त ऑथराइझ्ड टेक्निशियनसाठी असतं."

"मी इंजिनियर आहे."

"पण ऑथराइझ्ड आहात का?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याने कुठे बोट ठेवलं ते. या देशात ती कशासाठीच ऑथराइझ्ड नव्हती. ती थँक यू म्हणून बाहेर पडली आणि पार्किंग लॉट ओलांडताना तिला रडू आलं, त्याचाही तिला रागच आला.

शनिवारी नरेंद्रला गाडीचे वायपर बदलायचे होते, म्हणून दोघं ऑटो पार्ट्सच्या दुकानात गेली. तो वायपरचे नंबर शोधत असताना मृणालिनी उगाच टूल्सच्या रॅकपुढे उभी राहिली. तिथे पुठ्ठ्यावर ओळीने चांदण्या लटकत होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला भोक होतं. खुंटी जाण्यापुरतं.

"नरेन!" ती एवढ्याने ओरडली, की दोन माणसं वळली.

"गाडीचे सेन्सर काढायला लागतात," कॅश काउंटरवरची बाई म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

घरी पहिला स्क्रू कट्ट करून सुटला, तेव्हा नरेंद्रही लॅपटॉप सोडून उठला. नेमका तेवढ्यात नंदू आला. टेबलावर आपल्या कन्सोलची आतडी पसरलेली पाहून तो दारातच थबकला.

"वहिनी! अहो, वॉरंटी गेली ना यार!"

"गेली. आता टॉर्च धर. अजून जवळ."

ट्रे ओढणारा एवढासा रबरी पट्टा तेलकट होऊन घसरत होता, बस. तिने तो रबिंग अल्कोहोलने पुसला, डिस्क बाहेर काढली, डिस्क वाचणाऱ्या लेन्सची काचही पुसली. पुन्हा सगळं जोडलं. या वेळी गणपती थरथरला नाही.

तिघं सोफ्यावर बसून लग्न बघू लागली. फोटोग्राफरने बहिणीचा चेहरा बदामात घातला होता, नंदू हसत होता. अक्षता पडताना कॅमेरा बाजूला वळला आणि गर्दीत आई दिसली. तिने मोबाइल सनईवाल्याच्या दिशेने उंच धरला होता. कुणीतरी तिला ढकलत होतं, पण हात खाली येत नव्हता. त्या दिवशी इकडे मृणालिनीला नुसती खरखर ऐकू आली होती, आणि "आई, बोल ना काहीतरी!" म्हणून वैतागून तिने फोन ठेवून दिला होता.

"वहिनी, पॉज करू?" नंदूने विचारलं.

"नको. चालू दे."

सोमवारी नंदूने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आणि त्यानंतर मृणालिनीच्या टेबलावर लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू येऊ लागल्या: कॅमेरे, कॉर्डलेस फोन, एकदा तर कुणाच्या मुलीचा बोलणारा बाहुला. बाहुल्याचे स्क्रू तिकोनी निघाले, तेव्हा तिने पुन्हा जगाला शिव्या घातल्या. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डाचे अर्ज अचानक सगळ्यांनाच भरता आले आणि थंडीत तिच्या हातात वर्क परमिट पडलं. डॅलसमध्ये हॉस्पिटलांचे मॉनिटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती लागली. पहिल्या दिवशी सुपरवायझरने टूल्सचा खण उघडून दाखवला. तिने एकेक टोक उजेडाकडे धरून पाहिलं आणि विचारलं, "तिकोनी नाही का?"

"ऑर्डर केलंय. चार आठवडे झाले, अजून आलं नाही," तो कंटाळून म्हणाला.