राजय्या मास्तरांचं नाव

चूक माझी होती आणि ती नकळत झालेली नव्हती. एवढं आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढे जाता जाता मी स्वतःला सांभाळून घेईन. ती सवय मला आहे. माझ्या बायकोलाही यातलं काही ठाऊक नाही. ज्या शाळेत मी मुलींना गाणं शिकवतो तिथे तर कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही. आठ वर्षं झाली. आता मला एकोणपन्नासावं चालू आहे, आणि तुम्ही मला ओळखत नाही हेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर बसून हे सांगता आलं असतं का? नसतं आलं.

पण आधी मास्तरांविषयी सांगायला हवं. — की हाही वेळ काढण्याचाच प्रकार?

राजय्या मास्तर सोलापूरच्या पूर्व भागात राहत. घर तेलुगू विणकरांचं. एकाच खोलीत हातमाग, चूल, अंथरुणं आणि खुंटीला टांगलेला तंबोरा. दिवसभर ते चादरी विणत. तरुणपणी त्यांनी आमच्या गावात येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या सारंगियाकडे बारा वर्षं काढली होती. ते उस्ताद गेल्यावर मास्तर स्वतः बंदिशी बांधू लागले. मागावर बसूनच. धोटा इकडून तिकडे धावे, फणी ठोका देई, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत त्यांना काहीतरी सुचे. त्यांच्या बंदिशींची सम नेहमी किंचित उशिरा आल्यासारखी वाटते. आता चुकली असं वाटतं, छातीत धस्स होतं, आणि ती अचूक जागेवर येऊन पडते. मी पुष्कळांचं ऐकलं आहे. ही जागा दुसऱ्या कुणाकडे नाही. मी त्यांना थोर रचनाकार म्हणतो. आज म्हणतो. ते असताना म्हटलं का?

चादरीवरच्या नक्षीसाठी मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे लावतात. फाटलेले पुठ्ठे मास्तर जपून ठेवत आणि भोकांच्या मधल्या जागेत बंदिश लिहीत. शब्द हिंदी, आमच्या इकडच्या दखनीकडे झुकलेले, पण अक्षरं तेलुगू. मला ती वाचता येत नसत. शाळेतली नोकरी आटोपली की मी सायकल काढून त्यांच्याकडे जाई आणि ते विणता विणता गात, मी मागाशेजारी पोत्यावर बसून ते शिकून घेई. असं चौदा वर्षं.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. बंदिश बांधणारे बहुतेक जण शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतात. मास्तर गुंफत नसत. त्यांच्या उस्तादांचाही तोच दंडक होता. ‘‘आपला नाव आपणच काय गायचा ओ,’’ ते म्हणत. ‘‘शिकलेल्यानं कानाला हात लावायचा. हे अमक्याचं आहे म्हणून सांगायचं, मग गायचं. तेवढ्यानं पोचतं.’’ म्हणजे त्यांचं नाव बंदिशीत कुठेच नव्हतं. दुसरा कुणी शिष्य टिकला नाही. ते नाव फक्त माझ्या तोंडात होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी रेडिओच्या चाचणीला पुण्याला गेलो. मास्तरांनीच पाठवलं. त्यांची भीमपलासातली एक बंदिश मी घेतली. मागावरचा एक धागा तुटला आहे आणि तो जोडायला बोटं थरथरतात, एवढंच तिच्यात आहे. गाण्याआधी एक कागद भरायचा होता. रागाचं नाव, तालाचं नाव, आणि तिसरा रकाना — रचनाकार. मी पेन हातात घेऊन बसलो होतो. शेजारी एक गायक त्याच रकान्यात एक मोठं नाव लिहीत होता, सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं. मी लिहिलं, ‘पारंपरिक’.

जुनी चीज म्हटली की परीक्षक कान देऊन ऐकतात, नवीन म्हटली की नाक मुरडतात, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढेही सांगत आलो. अगदीच खोटं नाही ते. पण पेन थांबलं होतं ते त्यासाठी नाही. ते नंतर सांगतो.

मी पास झालो. दीड महिन्याने तीच बंदिश प्रसारित झाली. मास्तरांकडे रेडिओ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं, तिथे ते त्या दिवशी माग बंद ठेवून जाऊन बसले, आणि शेजारच्या आठदहा विणकरांनाही घेऊन गेले. आपलं नाव रेडिओवर सांगणार आहेत, असं त्यांनी त्यांना सांगितलं होतं. निवेदिका म्हणाली, पारंपरिक बंदिश, आणि माझं नाव. हे मला हॉटेलवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. वर तो म्हणाला, ‘‘मास्तरचं नाव घ्यायला विसरल्या बघा त्या बाई. पुण्याची माणसं, त्यांना काय माहीत?’’ मी म्हणालो, ‘‘हो, विसरल्या असतील.’’

मास्तर मला म्हणाले, ‘‘आवाज चांगला लागला रे.’’ बस्स. त्यानंतर ते कधी त्या हॉटेलात रेडिओ ऐकायला गेले नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या मित्राला कदाचित सांगूनही टाकली असती. माणूस घाबरतो, चुकतो. पुढचं मात्र सांगवत नाही.

तीन वर्षांनी पुण्याहून एक संशोधक आले. वयस्कर, सज्जन गृहस्थ. गावोगाव हिंडून ते बंदिशी आणि बांधणाऱ्यांची नावं गोळा करत होते, पुस्तकासाठी. माझी भीमपलास त्यांनी रेडिओवर ऐकली होती. चहा घेता घेता ते म्हणाले, ‘‘ही जुनी वाटत नाही हो. हिची समेवर यायची तऱ्हा वेगळी आहे. हिला कुणीतरी एक धनी आहे. तुम्ही कुणाकडून घेतलीत?’’ तेव्हा मला मास्तरांचं नाव सांगावं लागलं, पण शिकवणारे म्हणून. ते लगेच उठले. जाऊ या म्हणाले.

वाटेत रिक्षात मी मनात एक वाक्य जुळवत होतो. सांगून टाकावं — मी ते लिहिलं, चुकून लिहिलं. एवढंच म्हणायचं होतं. पूर्व भाग काही लांब नाही. पण तेवढा रस्ता पुरला नाही मला.

मास्तर मागावरून उतरले, हात पुसले. त्यांची मुलगी पद्मा उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पाहुण्यांनी वही उघडली आणि सरळच विचारलं, ‘‘मास्तर, ही भीमपलासातली चीज आपली का?’’

मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी खाली, मागाच्या पायाने दाबायच्या पावड्यांकडे बघत राहिलो.

‘‘नाही ओ साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘जुना आहे की ते. आमच्या उस्तादांच्याही आधीचा.’’

‘‘नक्की?’’

‘‘आम्ही चादरवाले ओ. आम्हाला कुठं जमतं बंदिश बांधायला? चादर पाहिजे असली तर सांगा, दाखवतो चांगला.’’

पाहुणे हसले. मीही हसलो. हो — मी हसलो. पद्मा हसली नाही. ‘‘नायना,’’ असं म्हणून ती वडिलांना तेलुगूत भराभर काही बोलू लागली. मास्तरांनी नुसता हात वर करून तिला थांबवलं. ती माझ्याकडे बघत विड्या वळत राहिली. पाहुण्यांनी वहीत एक शब्द लिहिला. तो कोणता, हे मला वाकून पाहायची गरज नव्हती.

त्यांना स्टेशनवर पोचवून, घरून सायकल घेऊन मी परत गेलो. का गेलो, कोण जाणे. मास्तर मागावर बसले होते. न थांबताच बोलले, ‘‘तू तिकडं लिहून दिलास ना, जुना म्हणून. मी माझा म्हटलं असतं तर तू खोटा पडतोस. मग कोण बोलावतो तुला?’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘उद्या ये. मारव्याचा अंतरा राहिलाय.’’

तेव्हा मला काय वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं? रडू आलं असेल? पाय धरले असतील? मला सुटल्यासारखं वाटलं. सायकलवर टांग टाकली आणि घरी येऊन पोटभर जेवलो. ज्या माणसाने आपलं मूल परकं म्हणून सांगितलं, त्याच्याकडे मी दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झालो आणि मारव्याचा अंतरा घेतला.

पुस्तक निघालं. त्या पानावर बंदिश स्वरलिपीसह छापली आहे, वर ‘पारंपरिक’, आणि खाली बारीक अक्षरात माझ्या नावाने आभार. माझं नाव आहे त्या पानावर. मास्तरांना ते पुस्तक मी दाखवलं नाही. ते माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे आहे.

कापसाच्या धुळीने मास्तरांची छाती भरत गेली. शेवटच्या महिन्यात मी रोज जाऊन बसे. पाठ चोळून देई, पाणी पाजी. लोक म्हणत, शिष्य असावा तर असा. ते ऐकताना मी मान खाली घाली, आणि लोकांना ती नम्रता वाटे. महिनाभर, रोज दोन तास, एक वाक्य बोलायला पुरेसे नव्हते का? एकदा त्यांनीच विचारलं, ‘‘गातोस ना रे माझं?’’ मी म्हणालो, ‘‘गातो, मास्तर.’’ ते डोळे मिटून पडून राहिले. ते उत्तर खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

ते जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी रेडिओला मास्तरांचं नाव कळवणारं पत्र लिहिलं, त्या संशोधकांनाही लिहिलं, आणि दोन्ही पत्रं पेटीत टाकून मग पद्माकडे गेलो. आधी पत्रं टाकली, कारण मला माझा भरवसा नव्हता. दुपारची वेळ होती. मागाची जागा रिकामी होती, तिथे तिची मुलं अभ्यासाला बसली होती. ती विड्यांची पानं कातरत होती. मी तिला सगळं सांगितलं — रकाना, शब्द, रिक्षात न बोललेलं वाक्य, सगळं.

‘‘माहीत आहे की,’’ ती म्हणाली. ‘‘नायनानी त्या दिवशीच सांगितलं मला. एकाच चीजेचं आहे म्हणाले. जाऊ दे, बाकीच्या चीजांना तो माझं नाव सांगेल म्हणाले.’’

मला तेव्हा उठून येता आलं असतं. तिने तर माफच केल्यासारखं होतं.

‘‘एक नाही, पद्मा,’’ मी म्हणालो. ‘‘अकरा.’’

तुम्हालाही मी आतापर्यंत एकच सांगितली. दर नव्या कार्यक्रमाला तोच कागद असे आणि तोच रकाना. त्यातल्या सात, संशोधक आले त्या दिवसानंतरच्या आहेत. मारवाही त्यात आहे.

तिची कात्री थांबली. ‘‘ते गेल्यावर पण?’’

‘‘हो. दोन.’’

मुलं वर बघू लागली, त्यांना तिने तेलुगूत बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाली, ‘‘का पण?’’

मी तिला सांगितलं, परीक्षकांचं निमित्त होतं. चादरी विणणाऱ्याचा शिष्य म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. पेन थांबलं ते त्या लाजेनं, आणि पुढे दर वेळी ती लाज तशीच होती. मास्तरांनी स्वतःला ‘चादरवाला’ म्हटलं तेव्हा मी हसलो, कारण मलाही तेच वाटत होतं. माझं चुकलं, पद्मा. मास्तरांचं नाव मी गिळलं. मला माफी मागायची आहे, त्यांची मागता आली नाही म्हणून तुझी मागतो.