माझे विरोधक नाना

आमच्या लालबागच्या चाळीतले नाना वाद घालायला बसले की आधी समोरच्याचीच बाजू मांडत. "तुझं म्हणणं मी सांगतो. बरोबर सांगितलं की हो म्हण, मग माझं ऐक." गिरणीच्या हपिसातून निवृत्त झालेले, एकटे, डोक्यावर खादीची टोपी, म्हणजे सरकारी पक्षाचे. मी बाविशीचा, लाल बावट्याचा. क्रांती येत्या दिवाळीपर्यंत होईल अशी माझी खात्री होती, फक्त साल ठरत नव्हतं.

गंमत अशी की नाना माझी बाजू माझ्यापेक्षा फक्कड मांडत. "ज्यांच्या घामावर ही मुंबई उभी राहिली, त्यांना विचारल्याशिवाय ती कुणाला देता येणार नाही, असंच ना?" मी मान डोलवायचो, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर ठोकून द्यायचो. टाळ्या पडायच्या. मुद्देसूद बोलणारा पोरगा म्हणून माझं नाव झालं. मग नाना स्वतःचं सांगत: देश आत्ता कुठे उभा राहतोय, भाषेवरून त्याची वाटणी नको, घाईनं मिळवलेलं टिकत नाही. ते मी कधी धड ऐकलं नाही. माझं भाषण झालेलं असायचं ना!

पुढे मुंबईसाठी निघालेल्या मोर्च्यावर सरकारनं गोळीबार केला, माणसं मेली आणि चाळ खवळली. नानांनी टोपी काढली नाही. चाळीनं त्यांच्यावर बहिष्कार घालायचा असं ठरलं: कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. ठराव मांडायचं काम अर्थातच मुद्देसूद पोराकडे आलं.

दोन दिवस कागद घेऊन बसलो. एक ओळ सुचेना. शेवटी सांगायला लाज वाटते, पण मी गेलो कुठे, तर नानांकडेच. "समजा, एका माणसावर बहिष्कार घालायचाय," मी म्हटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, चहाचं आधण उतरवून ठेवलं.

"चाळीतला का?"

"समजा चाळीतला."

"लिहून घे, विसरशील," नाना म्हणाले. "माणूस चांगला आहे, हे आधीच कबूल कर, म्हणजे त्याची बाजू घेणाऱ्यांना बोलायला जागा उरत नाही. मग विचार, गोळी घालणाऱ्यांची टोपी डोक्यावर ठेवून त्यानं मेलेल्यांच्या आयांसमोरून कसं जायचं?" सांगता सांगता त्यांचा आवाज बसला. मी लिहीत होतो.

"आणि तुमची बाजू, नाना?"

"ती या खेपेला तू मांड."

सभेत मी कागद वाचला. बायका डोळे पुसायला लागल्या. अध्यक्ष परबकाकांनी विचारलं, "विरोधात कोणाक बोलूचा आसा?" मागच्या भिंतीला टेकून नाना उभे होते. त्यांची बाजू मला तोंडपाठ असायला हवी होती, इतक्यांदा त्यांनी ती सांगितली होती. मी कागदाची घडी घालत बसलो. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि टाळ्या मलाच पडल्या.

महिनाभर नाना गॅलरीतून मुक्यानं ये-जा करत राहिले. मग भायखळ्याच्या पुतण्याकडे जायला निघाले. ट्रंक त्यांना एकट्याला उचलेना. मी जाऊन दुसरी कडी धरली. नाना हसले. "ठरावात बोलायचं नाही इतकंच आहे. उचलायला बंदी नाही. मीच सांगितलाय, मला माहितीय."

टांग्यात बसल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला. "एवढं तरी सांग रे," ते म्हणाले, "मी चुकलो असं तुला खरंच वाटतं?"

टांगेवाला खोळंबला होता. परबकाका गॅलरीतून बघत होते. मी हात सोडवून घेतला आणि ट्रंक टांग्यात नीट आत सरकवली.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला, आम्ही गुलाल उधळला. क्रांतीचं तेवढं राहून गेलं. त्यानंतर मी शेकडो ठराव मांडले, एकही धड पाळला नाही. पाळला तो तेवढा एकच.